गेरूचे खर्डे आणि त्यांतील ‘हात’

ऐतिहासिक कागदांचा संग्रह करणारांस सामान्यतः दोन गोष्टींचा सोस असतो. कागद ज्याच्या नांवाचा त्याच्याच हातचा असावा, ही एक. आणि तो स्वच्छ व पूर्ण असावा, ही दुसरी. खाडाखोड केलेला खर्डा, त्यांतहि अक्षर कारकुनाचें, असा कागद दप्तरांतून निघाला म्हणजे त्यास बहुधा दुय्यम पंक्तीस बसवितात. वस्तुतः एखादा मजकूर कोणत्या शब्दावर अडला, कोठें फिरला आणि अखेर कसा ठरला हें स्वच्छ प्रत कधींच सांगत नाहीं. तें सांगतो खर्डा. युरोपांतील चित्रकलेच्या इतिहासांत हाच प्रश्न नेमक्या उलट्या रीतीनें उपस्थित झाला आहे. पुनरुज्जीवनकालांतील इटालियन चित्रकारांनीं आपल्या मोठ्या चित्रांच्या तयारीसाठीं खडूनें काढलेले मनुष्याकृतींचे पूर्वाभ्यास हे त्या चित्रांचे खर्डेच होत. तेथें मात्र या खर्ड्यांची उपेक्षा झाली नाहीं. संग्राहकांनीं त्यांस देव्हाऱ्यांत बसविलें. नुकसान दोन्हीकडे सारखेंच झालें, असें आमचें मत आहे. कारण देव्हाऱ्यांतील कागदास कोणी ‘तूं कशासाठीं लिहिला गेलास?’ असें विचारीत नाहीं. फक्त ‘तूं कोणाच्या हातचा?’ एवढेंच विचारतो.

प्रथम साहित्याविषयीं थोडेंसें. खडू म्हटला कीं शाळेच्या फळ्यावरील पांढरी कांडी डोळ्यांपुढें येते. ती येथें विसरावी. या चित्रकारांचा लाल खडू म्हणजे खाणींतून निघालेला, लोहाचा अंश असलेला मातीचा मऊ दगड, म्हणजे आपला गेरूच. तो तासून त्याची कांडी करीत. काळा खडू हाहि खनिजच, इ. स. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी यानें आपल्या चित्रविद्येवरील ग्रंथांत पीदमाँत प्रांतांतून येणाऱ्या अशा एका काळ्या दगडाचा उल्लेख केला आहे. त्यापूर्वीं, आणि नंतरहि कांहीं काळ, अस्तर दिलेल्या कागदावर रुप्याच्या तारेनें रेखाटण्याची चाल होती. तारेची रेषा बारीक व एकजिनसी उमटते. दाबली तरी फारशी जाड होत नाहीं. गेरूची रेषा दाबाप्रमाणें फिकट वा गडद होते, बोटानें पसरतां येते आणि मनुष्याच्या कातडीच्या रंगाशीं तिचें नातें आहे. लिओनार्दो दा व्हिन्ची यानें १४९० नंतरच्या वर्षांत ‘अखेरचें भोजन’ या भित्तिचित्रासाठीं कांहीं मस्तकें लाल खडूनें काढलीं. तीं आज विंडसरच्या राजसंग्रहांत आहेत. पुढील पिढीनें हें साधन उचललें आणि नग्न देहाच्या अभ्यासास तें कायमचें लावून घेतलें.

याच गेरूचा एक गुण चिकित्सकानें ध्यानांत ठेविला पाहिजे. ओलसर कोरा कागद त्यावर ठेवून दाबला असतां मूळ रेखाटनाची उलटी छाप त्या कागदावर उठते. म्हणजे एका कागदापासून आरशांतल्यासारखी दुसरी फिकट प्रत निघते. उजव्या हातानें काढणाराच्या छायारेषा बहुधा खालीं डावीकडून वर उजवीकडे जातात. लिओनार्दो डावखुरा असल्यामुळें त्याच्या उलट दिशेनें जातात. परंतु छापेंतहि त्या उलटच दिसावयाच्या! तेव्हां केवळ रेषांच्या तिरकसपणावरून ‘हात’ ओळखूं पाहणारा फसण्याचा संभव किती आहे, हें वेगळें सांगावयास नको.

आतां प्रत्यक्ष कागदांकडे वळूं. न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन वस्तुसंग्रहालयानें १९२४ सालीं मायकेल अँजेलोचा एक कागद विकत घेतला. त्याची उंची २८.९ व रुंदी २१.४ सेंटिमीटर, म्हणजे साध्या पत्राच्या कागदाएवढीच. रोम येथील सिस्टाइन प्रार्थनामंदिराचें छत त्यानें १५०८ ते १५१२ या सालांत रंगविलें. त्यांतील लिबियाच्या भविष्यवादिनीच्या आकृतीसाठीं हा कागद त्यानें वापरला. छतावरील ही स्त्री पाठमोरी वळलेली असून दोन्ही बाहू पसरून तिनें एक प्रचंड ग्रंथ धरला आहे, आणि आसनावरून खालीं उतरण्याच्या बेतांत असल्याप्रमाणें तिचा भार पायाच्या बोटांवर आला आहे. कागदावर मात्र स्त्री नाहीं. नमुन्यादाखल बसविलेल्या एका तरुण पुरुषाची उघडी पाठ आहे. चित्रशाळेंतील पोऱ्यांना असें बसविण्याची त्या वेळीं रीतच होती. पाठीच्या स्नायूंचा एकेक उंचवटा गेरूनें नोंदिला असून शेजारच्या मोकळ्या जागेंत मुखाकृति पुन्हां काढली आहे, हात निराळा काढला आहे आणि पायाचा अंगठा तर पुन्हां पुन्हां काढला आहे.

या कागदाची स्तुति करणारे बहुतेक सारे लेखक त्या पाठीवर थांबतात. ती अपूर्व आहे यांत शंका नाहीं. परंतु आमच्या मतें कागदाचा गाभा त्या अंगठ्यांत आहे. पाठ चित्रकारास अवगत होती. ती त्यानें एकदां काढली आणि तो पुढें गेला. अंगठा मात्र त्याला सुटत नव्हता. वरील सारा देह मुरडलेला, बाहू फांकलेले, हातांत जड ग्रंथ. हा सर्व भार जमिनीस जेथें टेकतो तो एक अंगठा चुकला तर छतावरील ती स्त्री कोलमडून पडेल. खर्ड्यांत एकच शब्द तीनदां खोडून लिहिलेला दिसला म्हणजे मुत्सद्दी तेथें अडला होता असें आपण समजतों. येथेंहि तेंच समजावें. रंगविलेल्या छतावर त्या अडचणीचा मागमूसहि उरलेला नाहीं, आणि उरूं नये अशीच चित्रकाराची इच्छा होती.

याच कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यांत शाईनें मायकेल अँजेलोचें नांव लिहिलेलें आहे. त्यांत आडनांव दोन तुकड्यांत तोडून लिहिलें असून, ही चित्रकाराची सही नसून एका जुन्या मालकानें केलेली नोंद आहे, असें अभ्यासकांनीं ठरविलें आहे. नांव दिसतांच सही समजण्याची चूक आपल्याकडील बखरींच्या पुष्पिकांविषयींहि अनेकदां झालेली आहे.

सहीचा प्रश्न सुटला तरी हाताचा प्रश्न सुटत नाहीं, याचें उत्तम उदाहरण व्हिएन्ना येथील आल्बर्टीना संग्रहांतील एक कागद होय. आमच्या वाचकांनीं त्याकडे विशेष लक्ष द्यावें, कारण त्याचा निकाल चित्रपारख्यांपेक्षां कागद वाचणारांनींच लावावयाचा आहे. कागदावर दोन नग्न पुरुष लाल खडूनें काढलेले आहेत. व्हॅटिकन राजवाड्याच्या एका दालनांतील ‘ओस्तियाची लढाई’ या भित्तिचित्राच्या तयारीचें हें रेखाटन. तें दालन पोप दहावा लिओ याच्यासाठीं राफाएल व त्याचे शिष्य रंगवीत होते. आणि त्याच कागदावर जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याच्या अक्षरांत एक शेरा आहे. आरंभीं १५१५ हा सन असून आशय असा कीं, पोपच्या पदरीं ज्याचा एवढा मान होता त्या उर्बीनोच्या राफाएलनें या नग्नाकृति केल्या आणि आपला हात दाखवावा म्हणून न्यूरेंबर्गास ड्यूररकडे पाठविल्या.

एवढा स्पष्ट शेरा असतां वाद कशाचा, असें कोणासहि वाटेल. परंतु वाद आहे, आणि तो जोराचा आहे. कित्येक अभ्यासकांस हें रेखाटन राफाएलचें न वाटतां त्याचा शिष्य जूलिओ रोमानो याचें वाटतें. त्यांचें म्हणणें, स्नायू फार कोरीव आहेत, छाया कोरडी आहे, गुरूच्या रेषेंतील ओलावा येथें नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, ज्याच्यापुढें आपलें कसब मांडावयाचें तो ड्यूररसारखा समकालीन श्रेष्ठ चित्रकार असतां राफाएल शिष्याचें रेखाटन कां पाठवील?

दोन्ही पक्षांनीं शेऱ्याची पुरेशी छाननी केलेली नाहीं, असें आम्हांस वाटतें. पहिली गोष्ट काळाची. शेऱ्याच्या प्रारंभीं १५१५ हा आंकडा आहे; परंतु पोपच्या मानाचा उल्लेख करतांना ड्यूररनें भूतकाळ वापरला आहे. राफाएल १५२० सालच्या एप्रिलांत वारला. १५१५ सालीं तो मानाच्या शिखरावर होता. ‘मान होता’ असें त्याच्याविषयीं लिहिण्याचें तेव्हां कारण नव्हतें. यावरून सन हा कागद पोंचल्याचा आणि शेरा मात्र राफाएलच्या मृत्यूनंतर, आठवणीनें लिहिलेला, असें मानणें अधिक सयुक्तिक. मिति एका प्रसंगाची आणि लेखन दुसऱ्या काळचें, हा प्रकार आपल्या दप्तरांत कांहीं नवा नाहीं.

दुसरी गोष्ट साक्षीची. ड्यूरर न्यूरेंबर्गास होता. रोमांत खडू कोणी धरला हें त्यानें पाहिलेलें नव्हतें. तेव्हां त्याचा शेरा पाठवणीचा अव्वल पुरावा आहे, निर्मितीचा ऐकीव. व्हासारीच्या चरित्रग्रंथाची पहिली आवृत्ति १५५० सालीं निघाली. राफाएलनें स्वहस्तें काढलेले पुष्कळ कागद ड्यूररला पाठविले आणि ड्यूररनें आपली एक स्वप्रतिमा राफाएलला नजर केली, असें तो सांगतो. ही स्वप्रतिमा पुढें मांतोव्हा येथें जूलिओ रोमानोच्या घरीं होती व व्हासारीनें ती तेथें पाहिली. म्हणजे ही हकीकत व्हासारीच्या कानीं घालणारा बहुधा जूलिओच असावा! ज्याच्या हातचें हें रेखाटन असल्याचें आज सांगतात, तोच तें गुरूच्या हातचें असल्याचा मूळ साक्षीदार ठरतो. हें जूलिओपक्षास जड जाणारें आहे. पुन्हां, जूलिओचें वयहि निश्चित नाहीं. तो १५४६ सालीं वारला. मांतोव्हाच्या मृत्युनोंदींत त्याचें वय ४७ दिलें आहे, तर व्हासारी ५४ देतो. नोंद खरी मानिली तर १५१५ सालीं तो अवघा सोळा वर्षांचा होता. सोळाव्या वर्षीं असा कागद उतरणें अशक्य नव्हे. परंतु त्यासाठीं केवळ छायेच्या कोरडेपणापेक्षां बळकट पुरावा पाहिजे. व्हासारीचें वय खरें मानावें तर तेविसाव्या वर्षाचा तयार शिष्य उभा राहतो. समकालीन नोंदीस ग्रंथापेक्षां आम्ही अधिक मान देतों.

तिसरी गोष्ट ‘हात’ या शब्दाचीच. जर्मनांत जसा, तसा मराठींतहि हा शब्द दुहेरी आहे. हात म्हणजे पांच बोटांचा पंजा आणि हात म्हणजे कसब, वळण, रीत. शिवछत्रपतींचीं पत्रें चिटणिसांच्या अक्षरांत आहेत. अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा आहे. म्हणून तीं पत्रें महाराजांचीं नव्हेत, असें कोणी म्हणत नाहीं. पेशव्यांच्या पत्रांत मजकूर कारकुनाचा आणि शेवटीं ‘दस्तुर खुद्द’ म्हणून दोन ओळी धन्याच्या, हें आपण नित्य पाहतों. अक्षर कोणाचें आणि पत्र कोणाचें हे दोन प्रश्न आपण वेगळे करतों, व दोहोंचीं उत्तरें निराळीं आलीं तरी गडबडून जात नाहीं. राफाएलची चित्रशाळा १५१५ च्या सुमारास एक मोठें दप्तरच झालें होतें. दालनें रंगविणें, वेदीचीं चित्रें, पोपच्या पडद्यांचे आराखडे हीं कामें एकाच वेळीं चाललीं होतीं. अशा ठिकाणीं गुरूनें योजिलेली, त्याच्या नजरेखालून गेलेली व त्याच्या नांवानें रवाना झालेली आकृति ही त्याचीच. खडू ओढणारा पंजाहि त्याचाच होता, याकडे वरील साक्षीमुळें आमचा कल आहे. परंतु उद्यां तो जूलिओचा ठरला तरी हा कागद राफाएलच्या इतिहासाचें साधन म्हणून तिळमात्र कमी होणार नाहीं. बाजारांत मात्र त्याची किंमत कोसळेल, आणि वादाच्या जोराचें एक कारण तेंच आहे.

खर्ड्याचा क्रम लावण्याचा प्रश्न याहून नाजूक. ऑक्सफर्ड येथील ॲशमोलिअन संग्रहालयांत राफाएलचा काळ्या खडूचा एक कागद आहे. त्यावर दोन प्रेषितांचीं, एका वृद्धाचें व एका तरुणाचें, मस्तकें आणि त्यांचे हात आहेत. राफाएल मृत्युसमयीं ज्या चित्रावर काम करीत होता व जें, व्हासारीच्या सांगण्याप्रमाणें, त्याच्या शवाच्या उशाशीं ठेविलें होतें, त्या ‘दिव्यरूपदर्शन’ चित्राच्या तयारीचा हा कागद. तो पाहणारास पहिल्या प्रेरणेचा वाटतो. इतका तो जिवंत आहे. पण रेषांखालीं बारीक काळ्या बिंदूंच्या रांगा आहेत, आणि त्या बिंदूंनीं सारी समजूत उलटते.

हे बिंदू कोठून आले, हें समजण्यासाठीं कामाची रीत ठाऊक असली पाहिजे. आधीं लहान रेखाटनांत सर्व आकृतींची मांडणी ठरे. मग पात्रें नग्न काढून देहाची ठेवण पक्की करीत. मग वस्त्रें चढवीत. आणि शेवटीं चित्राएवढ्याच मापाचा एक पूर्ण आराखडा कागद चिकटवून करीत, त्यास इटालियन लोक ‘कार्तोने’ म्हणतात. त्याच्या रेषांवर सुईनें छिद्रें पाडून वरून कोळशाची पुरचुंडी झाडली म्हणजे खालच्या पृष्ठावर ठिपके उठत. आपल्याकडील जुने चितारीहि छिद्रें पाडलेल्या चरब्यावरून नक्कल उतरीत, ती याच जातीची युक्ति होय. राफाएलच्या ‘अथेन्सची विद्यापीठ’ या भित्तिचित्राचा असा आराखडा मिलान येथील आंब्रोसियाना संग्रहांत आहे. तो सुमारें आठ मीटर लांब असून २०१४ ते २०१८ या सालांत त्याची डागडुजी होऊन २०१९ सालीं तो पुन्हां लोकांपुढें मांडण्यांत आला. त्यावर छिद्रें आहेत. तरी तो प्रत्यक्ष भिंतीस लाविलेला दिसत नाहीं. खालीं दुसरे कागद धरून नक्कल उतरली, ती भिंतीवर खर्ची पडली आणि मूळ राखून ठेविलें.

तर ऑक्सफर्डच्या कागदावरील ठिपके पूर्ण आराखड्यावरून उतरलेले आहेत. म्हणजे सर्व मांडणी ठरल्यावर, आराखडा झाल्यावर, रंगाचा हात फिरण्याच्या ऐन आधीं चित्रकारानें दोन मस्तकें व हात पुन्हां वेगळ्या कागदावर घेतले. हा कागद पहिला नव्हे. खर्ड्यांतील अखेरचा होय. ठिपके आणि रेषा सर्वत्र एकमेकींस चिकटून चालत नाहींत हें अधिक महत्त्वाचें. आराखडा ठरला तरी राफाएलचें मन ठरलें नव्हतें. स्वच्छ प्रत तयार झाल्यावर समासांत केलेल्या दुरुस्तीला जें मोल, तेंच या फरकांना. हें चित्र कार्डिनल जूलिओ दे’ मेदिची यानें सांगितलें, आणि त्याच वेळीं सेबास्तिआनो देल प्योंबो यालाहि एक तसेंच भव्य चित्र सांगून दोघांत चुरस लाविली. या अखेरच्या सावधगिरीचें एक कारण तें असूं शकेल. बिंदूंकडे दुर्लक्ष करून केवळ सौंदर्यावर लिहिलेलीं या कागदाचीं वर्णनें वाचतांना आम्हांस मिति न पाहतां पत्र छापणाऱ्या संपादकाची आठवण होते.

आपल्या इतिहासाशीं या विषयाचा धागा अगदींच तुटलेला नाहीं. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स हा १७९१ सालीं मुंबईस आला, पुढें पुण्यास राहून त्यानें सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे प्रभृतींस समक्ष बसवून चितारलें, व दरबाराच्या एका मोठ्या चित्रासाठीं अभ्यास जमविले. तें चित्र करण्यापूर्वींच तो १७९५ सालीं वारला. मॅलेटनें ते कागद विलायतेस नेले, आणि त्यांवरून टॉमस डॅनिअल यानें १८०५ सालीं १७९० च्या तहाच्या दरबाराचें सुप्रसिद्ध तैलचित्र पूर्ण केलें. म्हणजे प्रसंग १७९० चा, चेहरे त्यानंतरच्या वर्षांतले, रंग १८०५ चे, आणि रंगविणारा निराळाच! पुस्तकांत हें चित्र दरबाराचा समक्ष पुरावा म्हणून छापतात. तो पुरावा असेलच तर वेल्सच्या अभ्यासचित्रांत आहे, आणि तोहि त्या त्या चेहऱ्यापुरता. बैठकीच्या मांडणीपुरता नव्हे.

राहतां राहिले संग्राहक. त्यांचे उपकार मोठे आहेत, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. मायकेल अँजेलोनें मरणापूर्वीं आपलीं पुष्कळ रेखाटनें जाळलीं, असें व्हासारी सांगतो. आपण किती कष्ट घेतले हें कोणास दिसूं नये, हा हेतु. तो १५६४ सालीं वारला. चित्रकारांनाच खर्ड्याची लाज, तेथें जें राहिलें तें संग्राहकांनीं राखलें म्हणूनच. स्वतः व्हासारी मोठा संग्राहक होता. परंतु त्याच्या संग्रहवहीची रीत पाहावी : निरनिराळ्या कागदांवरील रेखाटनें एका पानावर चिकटवावयाचीं, भोंवतीं स्वतः नक्षीदार चौकट काढावयाची, खालीं चित्रकाराचें नांव घालावयाचें. दिसावयास तें सुंदर. पण कापलेल्या कडेबरोबर काय गेलें आणि चिकटविलेल्या पाठीमागें काय दडलें, याचा हिशेब कोणीं ठेविला?

पुढें इंग्रज चित्रकार सर टॉमस लॉरेन्स यानें अशा कागदांचा जो संग्रह केला, तसा दुसरा क्वचितच झाला असेल. तो १८३० सालीं वारला. सर्व संग्रह १८,००० पौंडांस राष्ट्रानें घ्यावा, ही त्याची मृत्युपत्रांतील इच्छा राजानें मानली नाहीं, ब्रिटिश म्युझिअमनें मानली नाहीं. संग्रह व्यापाऱ्याकडे गेला आणि फुटला. त्यांतील राफाएल व मायकेल अँजेलो यांचे बरेच कागद वर्गणी करून १८४६ सालीं ऑक्सफर्डनें घेतले. ७,००० पौंडांपैकीं ४,००० एकट्या लॉर्ड एल्डननें दिले. ज्याविषयीं वर लिहिलें तो बिंदूंचा कागद त्यांतलाच. ‘दिव्यरूपदर्शना’च्याच तयारीचें, असेंच बिंदूंवर काढलेलें तरुण प्रेषिताचें एक मस्तक २०१२ सालच्या डिसेंबरांत लंडन येथें लिलांवांत निघालें व २ कोटि ९७ लक्ष पौंडांस गेलें. एका चित्राच्या तयारीचे कागद असे विखुरले असतां त्यांचा क्रम लावावयाचा म्हणजे एकाच पत्रव्यवहाराचे बंद चार दप्तरांतून गोळा करण्यासारखेंच आहे.

म्हणून या कागदांच्या प्रतिकृति छापणारांकडे आमचें मागणें साधें आहे. दर्शनी बाजूबरोबर पाठीचाहि ठसा द्यावा. कड कापलेली आहे कीं मूळची तें नमूद करावें. ठिपके, छिद्रें, घड्या, जुने शेरे व मालकांचे शिक्के यांची नोंद नांवाच्या आधीं द्यावी. भविष्यवादिनीच्या कागदाचेंच पाहावें. दर्शनी बाजूची ती गेरूची पाठ हजारों पुस्तकांतून छापलेली आहे. त्याच कागदाच्या मागें काळ्या खडूनें त्याच स्त्रीचीं आणखी रेखाटनें व एका बसलेल्या आकृतीचें लहानसें रेखाटन आहे, आणि तीं क्वचितच कोणी छापतो.